ड्रोनच्या जमान्यात तोफा कशाला? एका जुन्या गनरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. युक्रेनच्या युद्धाचे व्हिडिओ पाहिले की चाळीस-पन्नास हजारांचा ड्रोन कोट्यवधींच्या तोफेचा चुराडा करताना दिसतो. मग आपल्या लष्कराने मार्च २०२५ मध्ये ३०७ नव्या ‘अटॅग्स’ (देशी बनावटीच्या, गाडीने ओढायच्या) तोफांचा करार केलाच कशाला? आणि विचारणाऱ्याचा धाकटा भाऊ सध्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत आहे. त्याने पसंतीक्रमात तोफखाना वर ठेवावा, की हे खातंच दहा-वीस वर्षांत गुंडाळलं जाईल?

माझी सगळी नोकरी तोफखान्यात गेली. त्यामुळे माझा कल तोफेकडे असणार, हे धरूनच पुढचं वाचा. पण प्रश्नात तथ्य आहे, आणि त्यातलं काही आमच्याच जुन्या मंडळींना पचत नाही, म्हणून नीट उत्तर देतो. इथे लिहिलेलं सगळं उघड माहितीतलं आहे.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा असतो, तोफगोळ्याच्या नाकावर तो फोडणारा फ्यूज. जो ड्रोन नेमका जाऊन आदळला त्याचं चित्रण तासाभरात जगभर फिरतं. जो जॅमिंगमुळे, म्हणजे शत्रूने रेडिओ संदेश अडवल्यामुळे, भरकटला, बॅटरी संपून शेतात पडला किंवा झाडाच्या फांद्यांत अडकला, त्याचं चित्रण कोणी टाकत नाही. आणि रात्रभर गोळे पडत होते म्हणून जी तुकडी खंदकातून मान वर काढू शकली नाही, तिच्याबाबतीत तर दाखवण्यासारखं काही घडलेलंच नसतं. तोफखान्याचं निम्मं काम हे असं, न दिसणारं.

खरा प्रश्न ‘ड्रोन भारी की तोफ’ असा नाहीच. शत्रू दिसला, त्याची जागा नक्की केली, ती मारा करणाऱ्यापर्यंत पोचवली, मारा केला, परिणाम पाहिला, दुरुस्ती केली, पुन्हा मारा केला आणि उद्या सकाळी तेच करायला दारूगोळा शिल्लक आहे. ही साखळी कोणाची लवकर आणि न तुटता चालते, ते विचारायचं. ड्रोन या साखळीतल्या पहिल्या दोन-तीन कड्यांत अफाट कामाचा आहे, शेवटच्या कडीत कमकुवत आहे आणि मधल्या कडीत परिस्थितीनुसार.

तोफ काय करते ते कारगिलवरून सांगतो, कारण आकडे जाहीर आहेत. १९९९ च्या त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, मॉर्टरचे बॉम्ब आणि रॉकेट डागले. सुमारे ३०० तोफा, मॉर्टर आणि रॉकेट लाँचर मिळून रोज ५,००० च्या आसपास. टायगर हिल परत घेतली त्या दिवशी ९,०००. या प्रत्येक गोळ्याने बंकर फोडला असं कोणीही समजू नये. दगड रचून केलेल्या आडोशात बसलेल्या माणसाला उघड्या चढावरून वर येणाऱ्या आपल्या जवानांवर नेम धरू न देणं, हे त्यातल्या बहुतेक गोळ्यांचं काम होतं. इन्फन्ट्री अगदी जवळ पोचेपर्यंत मारा चालू ठेवायचा आणि मग तो पुढे किंवा बाजूला सरकवायचा. मधे दोन मिनिटांची फट पडली तरी वरची मशीनगन सुरू होते. बोफोर्सने तर काही ठिकाणी थेट समोर दिसणाऱ्या बंकरवर मारा केला, जे मध्यम तोफेच्या नेहमीच्या कामात बसत नाही.

आता हेच काम ड्रोनला देऊन बघा. छोटा एफपीव्ही ड्रोन (चालक त्याच्या कॅमेऱ्यातून बघत उडवतो तो) एक-दोन, फार तर तीन किलोचा स्फोटक भार नेतो. १५५ मिलिमीटरचा साधा गोळा साधारण ४३ किलोचा असतो, त्यात जवळपास सात किलो स्फोटक. बोफोर्स तीन गोळे १५ सेकंदांच्या आत सोडू शकते. तोफखान्याच्या एका तुकडीत, म्हणजे बॅटरीत, सहा तोफा, म्हणजे पहिल्याच फेरीत १८ गोळे, पाऊण टनाहून जास्त वजन. वीस किलोमीटरवर पोचायला मिनिटभर लागतं. ड्रोनला पंधरा किलोमीटर जायला आठ-दहा मिनिटं हवीत, शिवाय प्रत्येक ड्रोनमागे एक चालक. धुकं, पाऊस, जोराचा वारा आला की ड्रोन जमिनीवर, आणि गोळ्याला त्याचं काही सोयरसुतक नाही.

पण एकटी गाडी, एकटा रणगाडा, एकटी तोफ मारायची असेल तर ड्रोन स्वस्त पडतो, यात वाद नाही. तुमच्या तुलनेत एक गफलत मात्र आहे. ड्रोनची किंमत तोफेशी लावू नका, गोळ्याशी लावा. तोफ हजारो गोळे डागते, ड्रोन एकदाच जातो. पण युद्ध सुरू झाल्यावर युरोपात एका साध्या १५५ मिमी गोळ्याची किंमतही काही हजार डॉलरवर गेली, आणि चालता रणगाडा साध्या गोळ्यांनी मारायला कितीतरी गोळे खर्ची पडतात. तिथे ड्रोनच जिंकतो. मी सेवेत असतो तर अशा लक्ष्यावर गोळे वाया घालवू दिले नसते.

या चर्चेत जे सहसा येत नाही ते आता. तोफेची खरी अडचण कधीच ताकदीची नव्हती, दिसण्याची होती. गोळा नेमक्या जागी न पडण्याची कारणं पुष्कळ: बॅरल किती झिजली आहे, गोळा फेकणाऱ्या दारूचं तापमान काय, वरच्या थरांत वारा कुठून आणि किती, हवा किती विरळ, तोफेची स्वतःची जागा किती अचूक मोजली आहे. गोळा कित्येक किलोमीटर उंच जाऊन खाली येतो, त्यामुळे जमिनीवरचा वारा बघून काही उपयोग नसतो. वरच्या हवेचा ‘मेट’ संदेश लागतो. हे सगळं मोजता येतं आणि मोजून दुरुस्त करता येतं. पण शत्रू नेमका कुठे आहे, यातली चूक कोणतंही गणित दुरुस्त करत नाही. जुन्या काळी ती चूक ओपी (ऑब्झर्व्हेशन पोस्ट), म्हणजे निरीक्षण चौकीचा अधिकारी दुरुस्त करायचा. दुर्बीण, नकाशा आणि रेडिओ घेऊन तो इन्फन्ट्रीच्या कंपनीबरोबर वर चढायचा, पहिला गोळा कुठे पडला ते बघायचा, दोनशे वाढव, पन्नास डावीकडे असं सांगत सांगत मारा जागेवर आणायचा.

डोंगरात हे भयंकर अवघड. मैदानात गोळा शंभर मीटर पुढे पडला तर तो दिसतो, धूर दिसतो, धूळ दिसते. कड्यावरच्या लक्ष्याला गोळा थोडासा ओलांडून गेला की तो पलीकडच्या दरीत, खूप खाली आणि खूप लांब. ओपीला फक्त आवाज, तोही उशिरा. शत्रूची रसद आणि मॉर्टर नेमके पाठीमागच्या उतारावर असतात, जिथे आपल्या बाजूने नजरच पोचत नाही. त्यात उंचीवर हवा विरळ, म्हणून गोळा सपाटीच्या हिशोबापेक्षा लांब जातो. आणि थंडीने दारूचा जोर कमी होतो, म्हणून अलीकडे पडतो. दोन्ही परिणाम एकाच वेळी, उलट दिशेने. अशा जागी लक्ष्याच्या डोक्यावर तरंगणारा एक कॅमेरा मिळाला असता तर किती गोळे वाचले असते आणि किती जवान, याचा हिशोब प्रत्येक जुना गनर मनात करतो.

ती नजर आज मिळाली आहे. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंचा तोफखाना ड्रोनच्या डोळ्यांनी बघतो. पहिला गोळा पडला की चूक लगेच पडद्यावर, दुसरा किंवा तिसरा गोळा कामाचा. आधी जिथे वीस-तीस गोळे लागायचे तिथे चार-पाचांत भागू शकतं. म्हणजे ज्या यंत्राने तोफ निकालात काढली असं आपण म्हणतो, त्यानेच तिची सर्वांत जुनी उणीव भरून काढली. तोफा असतील तर ड्रोनची किंमत वाढते आणि ड्रोन असतील तर तोफेची. यातलं एकच ज्याच्याकडे आहे त्याची लढाई लंगडी.

आता तुमची बाजू. ड्रोनने तोफेला डोळे दिले तसे शत्रूलाही दिले, आणि त्या डोळ्यांना तोफ दिसते. माझ्या पिढीने शिकलेली गन पोझिशन म्हणजे सहा तोफा आखून-मोजून जवळजवळ लावलेल्या, पाठीमागे दारूगोळ्याचे ढीग, एका बाजूला कमांड पोस्ट आणि गाड्या. सरावाला, शिस्तीला, दळणवळणाला फार सोयीची. आज मैदानी भागात कोणी अशी बॅटरी लावली तर ती पहिला दिवस काढणार नाही. रडार उडत्या गोळ्याचा मार्ग पकडून तोफेची जागा काही सेकंदांत सांगतं. कारगिलच्या वेळी पाकिस्तानकडे अमेरिकी बनावटीची अशी रडार होती आणि आपण त्या बाबतीत मागे होतो. नंतर आपण अमेरिकेकडून घेतली आणि पुढे ‘स्वाती’ इथेच बनवलं. पण रडारला तोफ डागल्याशिवाय कळत नाही. वर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला चाकांचे माग, गरम इंजिन, जेवण घेऊन येणारी गाडी, एवढंही पुरतं.

यावर ठरावीक उत्तर मिळतं: स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफा घ्या, डागा आणि पळा. हझिऱ्यात तयार होणारी ‘के-९ वज्र’ त्यासाठीच, आणि मोकळ्या मैदानात किंवा वाळवंटात मी तिला पहिली पसंती देईन. पण हे उत्तरही आता पूर्वीइतकं पक्कं राहिलेलं नाही. पळणाऱ्या तोफेला प्रत्युत्तराचा गोळा चुकवता येतो, कारण तो तिच्या आधीच्या जागेवर पडतो. डोक्यावर ड्रोन असेल तर पळणारी गाडीच आधी नजरेत भरते. झाडीत खोल खणून, जाळी टाकून, एकेकटी लपवलेली ओढीची तोफ कधीकधी जास्त टिकते. म्हणून या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. जमीन कोणती, झाडी आहे का, समोरच्याकडे ड्रोन किती, आपलं जॅमिंग कसं, यावर सगळं ठरतं. लडाखच्या उंचीवर तर हिशोब आणखी वेगळा. विरळ हवेत छोट्या ड्रोनचे पंखे पुरेशी उचल देत नाहीत, थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, आणि दुपारनंतरचा वारा हलक्या यंत्राला उभं राहू देत नाही. तिथे चिनूक हेलिकॉप्टरखाली टांगून नेता येणारी चार टनांच्या घरातली एम-७७७ तोफ जास्त उपयोगाची वाटते.

जॅमिंगचा विषय निघालाच आहे तर अचूक गोळ्यांबद्दलही. जीपीएसवर चालणारा एक्सकॅलिबर गोळा युक्रेनमध्ये सुरुवातीला फार गाजला. मग रशियाने जॅमिंग वाढवलं आणि त्याची अचूकता घसरल्याच्या बातम्या आल्या. ड्रोनचंही तेच झालं, म्हणून आता कित्येक ड्रोन मागे ऑप्टिकल फायबरची तार सोडत उडतात. तार आली की जॅमिंगचा धाक संपला, पण भार वाढला आणि वळणं घेणं अवघड झालं. साधा गोळा यातल्या कशातच सापडत नाही. एकदा बॅरलबाहेर पडला की त्याला कोणी फितवू शकत नाही.

सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दारूगोळा. छोटे ड्रोन इतके का गाजले याचं एक कारण त्यांची करामत आहे. दुसरं, गोळे संपले. २०२२ पूर्वी अमेरिकेसारख्या देशात १५५ मिमी गोळ्यांचं उत्पादन महिन्याला १४,००० च्या आसपास होतं. हे जोरदार लढाईत फार तर काही दिवसांचं खाणं. २०२३-२४ च्या हिवाळ्यात युक्रेनच्या तोफा मोजून मोजून गोळे टाकत होत्या आणि ती पोकळी ड्रोनने भरली. ते हुशारीने केलं, पण आधी ते नाइलाजाने केलं. ही कथा नवी नाही. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये गोळ्यांच्या तुटवड्यावरून सरकार हादरलं होतं. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईआधी त्यांनी आठवडाभरात १५ लाख गोळे टाकले, तरी १ जुलैला पायदळ पुढे गेलं तेव्हा काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी शाबूत होत्या. बरेच गोळे फुटलेच नव्हते, आणि फुटले त्यातले पुष्कळ श्रॅपनेलचे, म्हणजे हवेत फुटून छर्रे उडवणारे, जे खोल खंदकातल्या माणसाला लागत नाहीत. म्हणजे साठा हवा, आणि तो फुटणारा व योग्य प्रकारचा हवा. आपल्याकडे २०१७ च्या कॅगच्या अहवालात दारूगोळ्याच्या कित्येक प्रकारांचा साठा १० दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाही असं नोंदवलं होतं. मला तोफांच्या संख्येपेक्षा ही ओळ जास्त झोंबली होती. त्यानंतर परिस्थिती सुधारण्यावर बरंच काम झालं आहे, पण फ्यूज, चार्ज आणि राखीव बॅरल यांच्यावर मथळे छापून येत नाहीत, म्हणून पैसाही तिथे उशिरा पोचतो.

‘कालबाह्य’ असा शिक्का मारण्यापूर्वी मे २०२५ चं उदाहरण बघावं. ८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं आपल्या सरकारने सांगितलं. ते पाडण्यात एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या विमानवेधी तोफांचा वाटा होता. यातली सर्वांत तरुण तोफही साठच्या दशकातल्या आराखड्याची. कित्येक वर्षं या तोफा भंगारात काढा असं ऐकू येत होतं. त्यांना नवीन रडार आणि नवीन नेमयंत्रणा जोडली आणि स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र खर्च करण्याची पाळी टळली.

मग ३०७ अटॅग्स घ्याव्यात का? हो. १५५ मिमी, ५२ कॅलिबरची (म्हणजे व्यासाच्या ५२ पट लांब) बॅरल आहे, विशेष दारूगोळ्याने ४८ किलोमीटरपर्यंत पल्ला सिद्ध झालेला आहे, आणि मुख्य म्हणजे सुट्या भागांसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार १९८६ चा, त्यानंतर कितीतरी वर्षं एकही नवी मोठी तोफ आली नाही. ती खाच भरायलाच हवी. माझी तक्रार वजनाबद्दल आहे. अठरा टनांच्या घरातली ओढीची तोफ डोंगरी वळणांवर आणि ड्रोनच्या नजरेखाली हलवणं त्रासाचं. हीच बॅरल ट्रकवर बसवण्याचं काम अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेने केलं आहे, आणि पुढच्या तुकड्या त्या रूपात आल्या तर मला जास्त आवडेल. शिवाय प्रत्येक तोफेमागे खोटी तोफ, चांगली उष्णतारोधक जाळी आणि ड्रोन पाडणारी एखादी यंत्रणा लागेल. हा खर्च तोफेच्या किमतीतच धरावा, वेगळी फाइल करून पाच वर्षं फिरवू नये.

संघटनाही बदलते आहे. २६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी ड्रोन आणि लॉइटरिंग (घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणाऱ्या) अस्त्रांसह ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्या आणि ‘शक्तिबाण’ रेजिमेंट जाहीर केल्या. दिशा बरोबर आहे. माझं लक्ष एका गोष्टीकडे राहील: ड्रोनवरच्या जवानाने लक्ष्य पाहिल्यापासून तोफ डागेपर्यंत मधे किती जणांची परवानगी लागते. यंत्र सेकंदात बघतं आणि होकार यायला वीस मिनिटं लागली, तर नुसते ड्रोन घेऊन काही साधत नाही.

तुमच्या भावाबद्दल. कोणतं खातं मिळेल हे पसंती, गुणवत्ता आणि रिकाम्या जागा यांवर ठरतं, त्यामुळे पसंती लिहिली म्हणजे मिळालं असं नाही. पण त्याला गणित आवडत असेल, नकाशा हातात घेतला की जमीन डोळ्यांपुढे उभी राहत असेल, आणि इन्फन्ट्रीबरोबर चढण्याची तयारी असेल, तर तोफखाना जरूर वर ठेवू दे. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण संस्थेत यंग ऑफिसर्स कोर्सला गेल्यावर त्याने हाताने सर्व्हे आणि गोळ्याचं गणित करण्याचा कंटाळा करू नये. संगणक सगळं करतो हे खरं, पण जॅमिंगमध्ये उपग्रह गेला की ओपीला नकाशा आणि होकायंत्र यांवरच जागा सांगावी लागते, आणि त्या वेळी कोणी शिकवायला येत नाही. सोबत ड्रोन उडवायलाही शिकावं, स्वतःच्या हाताने, केवळ पडद्यावर बघत उभं राहून नव्हे. आणि मिळालं तर पहिल्या काही वर्षांत एखादी पोस्टिंग सर्व्हेलन्स अँड टार्गेट ॲक्विझिशन युनिटमध्ये, म्हणजे टेहळणी करून लक्ष्य शोधणाऱ्या तुकडीत, मागून घ्यावी. माझ्या वेळी तिकडे जायला लोक नाखूश असत. आज मी लेफ्टनंट असतो तर तिथेच गेलो असतो.